दोन जणांचा दरोडा कसा होतो?

संपादक साहेब, नमस्कार.

चोरीच्या बातम्या वाचताना मी दरवेळी एकाच जागी अडखळतो. हेडिंगमध्ये दरोडा, खाली घरफोडी आणि शेवटच्या ओळीत चोरीचा गुन्हा दाखल. अहो, हे तिन्ही वेगळे गुन्हे आहेत! दरोड्याला किमान पाच जण लागतात आणि जबरदस्ती लागते, दोघांनी बंद घराचा कडीकोयंडा उचकटला तर तो दरोडा कसा?

घरफोडी म्हटलं की लोकांना वाटतं कुलूप तुटलेलं पाहिजे, कपाट रिकामं पाहिजे. तसं नाहीये. भारतीय न्याय संहितेचं कलम ३३० बघा (१ जुलै २०२४ च्या आधी हेच आयपीसी ४४५ होतं), खिडकीतून शिरला, भिंत चढून आला, तुमचीच हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडलं तरी घरफोडीच, आणि अख्खा माणूस आत जायची पण गरज नाही, नुसता हात आत घातला तरी शिरलाच धरतात. उलट सताड उघड्या दारातून येऊन मोबाईल उचलून तसाच गेला तर ती घरातली चोरी, कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. आणि तोच पळताना मागच्या दाराची कडी काढून गेला तर परत घरफोडी, आहे की नाही गंमत!

पण खरा मुद्दा इराद्याचा. नुसत्या घरफोडीला दोन वर्षांपर्यंत, चोरी करायलाच शिरला असेल तर दहा, आणि तेच सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात केलं तर चौदापर्यंत शिक्षा. चोरी झालीच पाहिजे असं नाही, म्हणून 'काही गेलं नाही ना, मग कशाला तक्रार' हे चूक आहे. दारूच्या नशेत चुकून भलत्याच घरात घुसला तो मात्र घरफोड्या नाही, कारण इरादाच नाही. आता मनातलं कोर्टात दाखवायचं कसं, तर कडी आतून होती का, खिडकी लावलेली होती का, त्याच्याकडे कटावणी होती का यावरून, आणि आपण काय करतो तर पोलीस यायच्या आत, पंचनामा व्हायच्या आधीच सगळं आवरून ठेवतो.

तेव्हा विनंती एवढीच की बातमीत एफआयआरमधलं कलम छापत जा, आणि हेडिंग त्या कलमाला धरून द्या.

आपला,
एक जुना वाचक