घेऊन जाय गे मारबत

प्रिय गड्या,

दोन वर्षं तुला ना पत्र, ना फोन. राग माझा होता आणि तो चुकीचा होता. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. तब्येत ठीक, साखर थोडी वाढली आहे.

खर्रा सोडला, तंबाखू-सुपारी घोटून चघळणं बंद. उद्या दसऱ्याला चाळीस दिवस होतील.

श्रावणात सोमवार सोडताना पुरणपोळीचा घास तोंडात जाईना. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी घाला. दोनच गेली. सुपारीनं गाल आतून ताठ होत जातात, खर्रा सोडला तरी पहिल्यासारखे मऊ होत नाहीत, आणि नाही सोडला तर पुढं कॅन्सरचं भय. घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं दारचे मेढे, त्या पळसाच्या फांद्या, घेऊन निघाली, "इडा-पिडा, खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" मी त्यांच्यामागं शिवेपर्यंत गेलो, खिशातली खर्ऱ्याची पन्नी फेकली आणि ओरडलो, "खर्रा घेऊन जाय गे मारबत!" पोरं खो-खो हसली. तू असतास तर माझा हात धरला असतास.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. विनाकारण सुनेवर ओरडलो, मग तिची माफी मागितली. १८००-११२-३५६ वर फोन केला, तिथल्या बाईंनी साधं सांगितलं: तलफ आली की पाच मिनिटं थांबा, पाणी प्या, हाताला काम द्या. खरंच, पाच-दहा मिनिटांत ती लाट उतरते. चहानंतर हात आपोआप खिशाकडं जातो, म्हणून खिशात बडीशेप ठेवली आहे. रोज पहाटे शेताच्या धुऱ्यानं तळ्यापर्यंत चालतो. आणि रोज रात्री आइसकांडीच्या काड्या एकीवर एक रचून दातांत धरतो, तोंड उघडावं म्हणून. नात मोजते. चौदापासून सोळावर आलो!

तू सोडलास तेव्हा मी म्हणालो होतो, "शहरात गेला अन् शहाना झाला." तुझ्या पोरीच्या लग्नात, सगळ्यांसमोर. तू ताट ठेवून उठलास. गड्या, तू माझ्या भल्याचं बोलत होतास.

आता काळजीचं सांगतो. उद्या सोनं द्यायला अख्खा गाव येईल, आणि सोन्यामागोमाग पन्नी पुढं येईल. नाही म्हटलं तर माणूस चेहरा पाडतो, "आमचा चालत नाही का बाप्पा?" मग वेचणीआधीची सीतादहीची पूजा होईल, कापसाची वेचणी लागेल, जिनिंगसमोर कापूस विकायला रात्रभर गाड्यांची रांग. तिथं वेळ जातो तो खर्रा घोटण्यातच. मागं दोनदा मी त्या रांगेतच हरलो. घरात, चार भिंतींत चाळीस दिवस काढणं सोपं रे, पण ज्यांच्यासोबत तीस वर्षं कापूस विकला त्यांचा हात परत कसा करायचा? तू कसा केलास? आमच्या गावात हे विचारायला दुसरं कोणी नाही. सगळे घोटणारेच.

सेवाग्रामची सहल आठवते? गुरुजी बापूकुटीसमोर सांगत होते, बापू १९३६ साली इथं आले तेव्हा ६६ वर्षांचे होते, त्या वयात खेड्यात नवीन बिऱ्हाड मांडलं. आणि आपण दोघं कडुनिंबामागं पहिली तंबाखू-सुपारी चघळत होतो. तुला ओकारी झाली, मला नाही. तेव्हा मी जिंकलो असं वाटलं होतं. आता मी ५८ चा आहे आणि परवापासून ते ६६ डोक्यातून जात नाही.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन ठरलं का? वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. आर्णीचा तुझा साळा भेटला होता, त्याच्याही खिशात पन्नी.

दिवाळीला ये. एक रात्र माझ्यासोबत जिनिंगच्या रांगेत बस, गाडीवरच झोपू. बडीशेप मी आणतो.

तुझाच,
गड्या