जोतीरावांचं उत्तर, आठवीच्या वहीत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आठवीच्या मुलांकडून थोरामोठ्यांच्या नावानं पत्रं लिहून घ्यायचं तू ठरवलंयस, ते छानच. पण ‘सावित्रीबाई होऊन पत्र लिहा’ एवढंच फळ्यावर लिहिलंस तर चाळीस वह्यांत मिळून एकच पत्र येईल: ‘मी सावित्रीबाई फुले. माझा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला.’ आता सांग, कुठली बायको नवऱ्याला आपली जन्मतारीख कळवते? धड्यातल्या ‘त्या’ची ‘मी’ केली की पत्र होत नाही. वाचणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे ते पत्रात नको, हा पहिला नियम घाल. निम्मा कचरा तिथेच गळतो.

सावित्रीबाईंचीच निवड कर, कारण त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं हाताशी आहेत. १० ऑक्टोबर १८५६ चं नायगावहून, आजारपणात माहेरी असताना लिहिलेलं. त्यात भावाशी झालेला वाद आहे. २९ ऑगस्ट १८६८ चंही नायगावचंच. गणेश आणि सारजा या जोडप्याला गावकऱ्यांच्या हातून वाचवल्याची हकिकत. तिसरं २० एप्रिल १८७७ चं, जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळाचं. आठवीला हे तिसरं घे. चारा नाही, माणसं गाव सोडताहेत, सावकार, अटका, कलेक्टर, सगळं त्यात आहे. पाचवी-सहावीला कधी घेतलंस तर पहिलं पुरे. बहीण-भावाचा वाद त्या वयाला लगेच कळतो.

मुलांनी सावित्रीबाईंचं पत्र नव्यानं लिहायचं नाही. जोतीरावांचं उत्तर लिहायचं. समोर खरं पत्र असलं की उत्तर देणाऱ्याला हवेत बोलता येत नाही.

चार तासिका ठेव. पहिलीत पत्र दोनदा मोठ्यानं वाच, मध्ये समजावू नकोस. दुसरीत वहीच्या पानावर तीन रकाने आखून घे: त्या दिवशी ठाऊक असलेलं, अंदाज करता येईल असं, आणि ठाऊक असणं शक्यच नाही असं. तिसरा रकाना भरताना घाई करू नकोस, खरी मजा तिथेच आहे. ‘महात्मा’ ही पदवी मिळाली ११ मे १८८८ ला, म्हणजे १८७७ च्या पत्रात ती येणार नाही. पोस्टकार्डही नाही, ते आपल्याकडे १ जुलै १८७९ ला आलं. सत्यशोधक समाज मात्र चालेल, तो १८७३ चा. ‘तुझं नाव इतिहासात अमर होईल’ असं वाक्य दिसलं की त्याच्यापुढे नुसती तारीख लिही, मुलं आपणच खोडतात.

तिसऱ्या तासिकेत लेखन, बारा ते पंधरा ओळी, जास्त नाही. १८५४ च्या टपालदरानं पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा पडे. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. आपला ए-फोर कागद पाच ग्रॅमचा, म्हणून अर्धाच कागद हातात दे. १८७७ पर्यंत दर उतरले होते, पण कागद अर्धाच ठेव. जागा कमी पडली की मुलं विशेषणं आधी टाकतात. उत्तरात तीन गोष्टी हव्यात: तिच्या पत्रातल्या एका नेमक्या गोष्टीला प्रतिसाद, पुण्याकडची एखादी साधी खबर, आणि तिला विचारलेला एक प्रश्न. प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि मग पत्राचं भाषण होतं.

भाषेचा घोळ ठरलेला आहे. चार पोरं ‘करिता जाहलो’, ‘येणेप्रमाणे’ असं बखरीतलं पेरतील. ते थांबव. घरातली आजी बोलते तसं साधं मराठी चालेल. ‘टेन्शन’, ‘प्रॉब्लेम’ नको, पण इंग्रजी शब्द सरसकट काढायला लावू नकोस. ‘कलेक्टर’ तेव्हाही कलेक्टरच होता. वर मायना, खाली सही, मध्ये ‘पत्रास कारण की’ हा परीक्षेचा साचा इथे सोडून दे, गुण कापू नकोस.

चौथ्या तासिकेत वह्यांची अदलाबदल. शेजाऱ्यानं सावित्रीबाई होऊन पत्र वाचायचं आणि एकच सांगायचं: यातलं मला आधीच ठाऊक होतं ते कुठलं? तेवढ्या ओळी कापायच्या.

एखादं मूल म्हणेल, मला जोतीराव व्हायचं नाही. त्याला ओतूरचा शेतकरी होऊ दे, नाहीतर सावकार. सावकाराचं पत्र बहुधा सगळ्यात चांगलं उतरतं, कारण त्याच्याविषयी पाठ केलेलं एकही वाक्य मुलांकडे नसतं.

आणि हे विसरू नकोस: प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ‘काल्पनिक पत्र’ आणि खाली इयत्ता, तीही शाईनं. एखाद्या पालकानं फोटो काढून पुढे ढकलला की आठवड्याभरात ते ‘जोतीरावांचं दुर्मिळ पत्र’ म्हणून तुझ्याच फोनवर परत येईल.

पहिले कच्चे खर्डे मला पाठव, खाडाखोडीसकट.

तुझाच,
मित्र