शालेय रग्बीचे नियम मोठ्यांनाही लागू व्हावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय रग्बी स्पर्धांचे निकाल आता आपल्या जिल्हा पानावर दिसू लागले आहेत. ज्या खेळाचे नावही आमच्या तालुक्यात फारसे कोणाला ठाऊक नव्हते, त्या खेळातल्या पोरींचे फोटो छापून येतात, याचे मोल मला फार आहे. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मुलींचा संघ घेऊन स्पर्धांना जाते, कधी पंच म्हणून शिट्टीही हाती घेते. त्या अनुभवातून निकालात न येणारी एक गोष्ट लिहिते. मैदानावरची मुले एक वेळ नीट वागतात; मैदानाबाहेर उभी असलेली मोठी माणसे वागत नाहीत. आणि रग्बीत त्याची किंमत मुलांना अंगावर मोजावी लागते.

रग्बीत पंचांशी बोलायचे ते कर्णधाराने. निर्णयावर हुज्जत घातली की पेनल्टीची, म्हणजे चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणाऱ्या संधीची, जागा १० मीटर पुढे सरकते. शाळांमध्ये बहुतेक ठिकाणी सात जणांची रग्बी खेळतात. तिच्यात पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू २ मिनिटे बाहेर बसतो, आणि सातांपैकी एक कमी झाला की मैदान उघडे पडते. अनेक पालकांना हा नुसता शिष्टाचार वाटतो. त्यांनी एकदा स्क्रम, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना दोन्ही संघांत होणारी रेटारेटी, जवळून पाहावा. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मुली एकमेकींना धरून वाकतात, पंच ‘क्राउच’, ‘बाइंड’, ‘सेट’ असे क्रमाने पुकारतात आणि ‘सेट’ ऐकल्यावरच भिडायचे असते. एकीने जरा आधी धडक दिली, तर समोरच्या मुलीची मान सापडते. ढिगाऱ्याखाली कोणी अडकली असेल तेव्हाही तिला वाचवते ती शिट्टीच, कारण शिट्टीबरोबर सगळ्या जागीच थांबतात. ‘पंचाला काही कळत नाही’ हे वडिलांच्या तोंडून दर सामन्यात ऐकणारी मुलगी त्या शिट्टीवर किती भरवसा ठेवील?

आमच्याकडच्या बऱ्याच मुली कबड्डीतून आलेल्या आहेत. पकड त्यांच्या हाडात आहे, त्यामुळे टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून खाली पाडणे, लवकर जमते. पण कबड्डीत चढाई करणारीला धरले की पंचाची शिट्टी होईपर्यंत सोडायचे नसते. रग्बीत उलटे आहे: समोरची खाली पडली की टॅकल करणारीने तिला तत्काळ सोडून बाजूला व्हायचे, नाहीतर पेनल्टी. खांद्याच्या रेषेच्या वर हात गेला तरी पेनल्टी, आणि डोक्याला मार लागला तर कार्ड निघू शकते. ही सवय मोडायला महिने लागतात. पोरगी मनावर दगड ठेवून हात सोडायला शिकते, आणि सामन्याच्या दिवशी बाहेरून आवाज येतो, “सोडू नको, दाब तिला!” शिकवलेले सगळे तिथेच वाहून जाते.

गेल्या हंगामातील एका सामन्यात चौदा वर्षांखालच्या एका मुलाचे डोके जमिनीवर आपटले. तो उठून बसला, पण कोणत्या बाजूला खेळायचे आहे ते त्याला कळेना. मी पंच होते. त्याला बाहेर घ्या म्हटले, तर त्याच्या संघाचे सर म्हणाले, “काही झालेले नाही मॅडम, पाणी मारा तोंडावर.” पालक मला सोडून त्या पोरावरच ओरडत होते, की मुळूमुळू रडतोस काय, ऊठ. मी त्याला बाहेर बसवले. उरलेला सामना शिव्या ऐकत संपवला. जागतिक संघटनेचा नियम स्वच्छ आहे: डोक्याला दुखापत झाल्याची शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी परत आत घ्यायचे नाही. खात्रीची वाट पाहायची नाही, शंका पुरे.

कॅनडातील ओटावात २०१३ च्या मे महिन्यात १७ वर्षांची एक मुलगी रग्बीमुळे दगावली. ती शाळेच्या संघाची कर्णधार होती. काही दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागला होता आणि तरीही ती खेळत राहिली. पुढे २०१८ मध्ये ऑन्टारिओ प्रांताने तिच्या नावाने ‘रोवन्स लॉ’ हा कायदा केला. खेळाडू, अठरा वर्षांखालील खेळाडूंचे पालक आणि प्रशिक्षक या सर्वांना त्या कायद्यामुळे आचारसंहिता वाचून मान्य करावी लागते. दुखापत लपवणार नाही, धोकादायक खेळ करणार नाही, हे आधी कबूल करायचे आणि मगच मैदानावर यायचे. आपल्याकडे प्रवेशिकेसोबत जन्मदाखला, बोनाफाईड, आधार सगळे मागतात. त्यात पालक आणि मार्गदर्शक यांच्या सहीचे एक पान वाढवायला कसली अडचण आहे?

जन्मदाखल्यावरून आणखी एक सांगायला हवे. वयचोरी आपल्या शालेय खेळांना जुनीच लागलेली कीड आहे. धावण्यात वय चोरले तर दुसऱ्याचे पदक जाते, आणि तेही वाईटच. रग्बीत मात्र मिसरूड फुटलेला सतरा वर्षांचा मुलगा तेरा वर्षांच्या पोराच्या छातीवर येऊन आदळतो. वय आणि अंगबळ यांचा विचार करूनच या खेळाचे नियम वयोगटांप्रमाणे बदललेले आहेत. १९ वर्षांखालील गटात स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांची मुले टॅकल करतच नाहीत, कमरेची पट्टी ओढून थांबवतात, आणि तिथल्या मुलांच्या रग्बीत संघातल्या प्रत्येकाला किमान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे असा दंडक आहे. खोटा दाखला जोडणारे सर ही सगळी काळजी एका कागदाने पुसून टाकतात. तरीही अशा सरांचा सत्कार होतो, कारण चषक शाळेत आलेला असतो.

पालकांचे मन मला कळते. जिल्हा, विभाग, राज्य अशी प्रमाणपत्रे मिळाली की दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मजुरी करून पोरगी शिकवणाऱ्या बापासाठी तो कागद म्हणजे घराचा आधार आहे. एका निर्णयाने तो हुकला तर त्याचा जीव तुटणारच. त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. मार्गदर्शकांचे तसे नाही. त्यांना नियम ठाऊक असतात, आणि पालकांना शांत करायचे सोडून सगळ्यात आधी तेच रेषा ओलांडून आत येतात.

रग्बी मुळातच सभ्य लोकांचा खेळ आहे, असेही कोणी समजू नये. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याला उंच टॅकलबद्दल आधी पिवळे आणि मग लाल कार्ड मिळाले. त्याचा संघ पंधराऐवजी १४ जणांनिशी खेळला आणि ११ विरुद्ध १२ असा अवघ्या एका गुणाने हरला. केन गुपचूप बाहेर जाऊन बसला. त्याच सामन्याचे पंच वेन बार्न्स आणि त्यांच्या कुटुंबाला मात्र सामन्यानंतर समाजमाध्यमांवरून धमक्या आल्या. मोठमोठ्या देशांतही खेळाडू सावरतो आणि प्रेक्षक तोल घालवतो, तर आपण आपल्या मुलांच्या सामन्यांत आधीपासूनच सावध असायला हवे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली. तिच्या चित्रफिती आमच्या मुलांनी मोबाईलवर पाहिल्या आहेत. या खेळाकडे ओढा वाढणार हे नक्की.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयांना माझी विनंती आहे, की सामन्याआधी पालकांना पाच मिनिटे एकत्र बसवून नियम सांगा, आणि त्यांच्यासाठी रेषेपासून लांब दोरी बांधा. पंचांना शिवीगाळ झाली तर सामना थांबवायचा आणि न आवरल्यास तो संघ बाद करायचा अधिकार कागदावर द्या. वयाची तपासणी स्पर्धेआधी करा, तक्रार आल्यावर नको. डोक्याच्या दुखापतीबाबत अंतिम शब्द संघाच्या सरांचा नसावा. ज्याला त्या निकालाशी देणेघेणे नाही अशा एका माणसाला प्रत्येक मैदानावर नेमा, डॉक्टर मिळाले तर उत्तमच.

आपल्याकडेही एक मागणे आहे. चांगले वागलेल्या मुलांना छापील ओळ मिळत नाही. सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर रांगा करतात, हरलेली मुले जिंकलेल्यांसाठी टाळ्या वाजवतात, कर्णधार पंचांचे आभार मानतो. आमच्या मुली हे सांगावे न लागता करतात. निकालासोबत कोणत्या संघाला एकही कार्ड मिळाले नाही एवढे छापले, तरी शाळांच्या फळ्यांवर त्याची कात्रणे लागतील. आणि पावसाळ्यानंतरच्या जिल्हास्तरीय सामन्यांना आपला बातमीदार आला, तर त्याला मंडपात पाहुण्यांसोबत बसवू नका; पालकांच्या गर्दीत उभा करा आणि तिथे जे ऐकू येईल त्यातले छापण्याजोगे छापा.

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका, जि. सातारा