तागानरोगच्या चर्चमधली तीन मुलं

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. रशियन लेखक अंतोन चेखवची ती मरणाऱ्या बिशपची गोष्ट वाचून तुला रात्रभर झोप लागली नाही म्हणतोस. आणि विचारतोस, धर्मावर विश्वास न उरलेल्या माणसाने हे सगळं इतक्या मायेनं कसं लिहिलं? दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. मला वाटतं, त्यासाठी तागानरोगला जायला हवं.

दक्षिण रशियातलं, अझोव्ह समुद्रावरचं हे बंदर. १८६० साली चेखव तिथे जन्मला. आजोबा जमीनदाराचे भूदास होते, म्हणजे त्याच्या मालकीचे, जमिनीला बांधलेले शेतकरी. पै पै साठवून १८४१ मध्ये त्यांनी साडेतीन हजार रूबल मोजले आणि घरादाराला सोडवलं. वडील पावेल येगोरोविच यांचं किराणा दुकान होतं, पण जीव सगळा चर्चमध्ये. त्यांनी गायकांचा ताफा उभा केला. त्यात बरेचसे लोहार, रांगड्या आवाजाचे. वरच्या पट्टीतले कोवळे सूर हवेत म्हणून आपल्याच पोरांना उभं केलं: अलेक्झांडर, निकोलाय आणि अंतोन. पहाटे अंधारात अंथरुणातून ओढून काढायचं, गारठ्यात चर्चला न्यायचं, आणि चुकलं की मार. देवाचं नाव आणि छडी एकाच हातात.

थोरल्या अलेक्झांडरने पुढे एक आठवण लिहून ठेवली आहे. दुकानातल्या तेलाच्या पिंपात उंदीर मरून पडला. दुसरा कुणी गुपचूप तेल ओतून मोकळा झाला असता. पावेलने धर्मगुरूला बोलावून त्या तेलावर प्रार्थना करवून घेतली, तेल शुद्ध झालं म्हणून. गावभर बोभाटा झाला आणि गिऱ्हाईक तुटलं! त्या माणसाची श्रद्धा खोटी नव्हती रे. मला तेच जास्त भयंकर वाटतं.

१८९२ च्या एका पत्रात चेखव लिहितो, की आम्ही तिघं भाऊ चर्चच्या मधोमध गात असताना लोक गहिवरून बघायचे, आईवडिलांचा हेवा करायचे, आणि आम्हाला मात्र आपण छोटे कैदी आहोत असं वाटायचं. आता मला धर्म उरलेला नाही, हेही तिथेच. मारल्याबद्दल वडिलांना कधी माफ करू शकलो नाही, असं तो एकदा बोलूनही गेला होता. आणि तरी १८७६ मध्ये वडील कर्जबाजारी होऊन मॉस्कोला पळाले, तेव्हा सोळा वर्षांचा हा पोरगा एकटा गावात राहिला, शिकवण्या करून शिकला आणि घरी पैसेही पाठवले. पुढे मॉस्कोजवळच्या मेलिखोवो गावातल्या घरात म्हाताऱ्या वडिलांना त्याने शेवटपर्यंत सांभाळलं.

आता तुझा प्रश्न. श्रद्धा गेली, पण कानात बसलेलं गेलं नाही. त्या प्रार्थना, ते ग्रंथातले शब्द त्याला कायमचे पाठ होते. तुझ्या आजोबांच्या धाकाने आपण हरिपाठाला बसायचो, आठवतं? आज कुठे टाळ वाजला की तुझेही ओठ हलतातच.

त्याची १८९४ ची ‘विद्यार्थी’ वाच. चार-पाच पानांचीच आहे. स्वतःची सर्वात आवडती गोष्ट तो हीच सांगायचा. गुड फ्रायडेची थंडगार संध्याकाळ, शेतात शेकोटी, दोन विधवा, मायलेकी. धर्मशिक्षण घेणारा तरुण हात शेकता शेकता सांगतो, की अशाच शेकोटीपाशी येशूच्या पीटर नावाच्या शिष्याने ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत येशूला तीनदा नाकारलं आणि मग बाहेर जाऊन हमसून हमसून रडला. ऐकता ऐकता म्हातारी वासिलिसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. मुलगी लुकेर्या नुसती टक लावून बघते, असह्य कळ दाबून धरल्यासारखी. चेखव तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवतो: नवऱ्याचा मार खाऊन खाऊन ती खचलेली आहे. ती कळ कुठून येते हे त्याला कुणी सांगावं लागलं नसणार.

दिवाळीत येशील तेव्हा ही गोष्ट मोठ्याने वाचू. लुकेर्यापाशी माझा आवाज दर वेळी अडकतो. तेवढं तू वाच.

तुझा,
मिलिंद