साथीचे गणित मुलांच्या हाती द्या

महाविद्यालयांत व्हीआर (आभासी वास्तव दाखवणारे) हेडसेट येऊ लागले, याचा आनंदच आहे. पण आमच्या भागातील एका महाविद्यालयात त्यावर दाखवतात काय, तर धडधडणारे हृदय आणि सूर्यमाला. मुले बघतात, हेडसेट काढतात, तास संपतो. त्याऐवजी साथीच्या रोगांचे गणित तिथे शिकवावे, असे मला कळकळीने वाटते.

उदाहरण मुंबईचेच आहे. १९०५-०६च्या प्लेगमध्ये तिथे दर आठवड्याला झालेल्या मृत्यूंचे आकडे घेऊन केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये साथ कशी वाढते आणि ओसरते हे सांगणारे आपले समीकरण पडताळून पाहिले. आकडे आणि समीकरणातून आलेली वक्ररेषा बऱ्यापैकी जुळली. बाधा होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले वा दगावलेले, अशी लोकसंख्येची विभागणी करणारी ही पद्धत करोनाकाळातही कामी आली.

आभासी वस्तीत विद्यार्थ्याने स्वतः संसर्गाचा दर कमी-जास्त करावा. एका बाधितामागे सरासरी एकाहून कमी नवे बाधित होऊ लागले की साथ कशी ओसरते, हे पाहावे. मग त्याला विचारावे, प्लेग पसरवणारे उंदीर आणि पिसवा या समीकरणात आहेत कुठे? खुद्द केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनीही ही मर्यादा मान्य केली होती. हा प्रश्न पडला नाही, तर नुसत्या चित्राचा उपयोग काय?

अर्थात आधी वहीत आलेख, मग हेडसेट. विद्यापीठांनी खरेदीच्या निविदा काढण्यापूर्वी गणित आणि जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना एकत्र बसवून असा एक तरी पाठ मराठीत तयार करून घ्यावा.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, पुणे