टाके सुकले म्हणून लगेच गाडी नको

मेंदूच्या ऑपरेशननंतर गाडी कधी चालवावी यावरचा तुमचा रविवारचा लेख वाचला, पटला, पण त्यात इन्शुरन्सचा मुद्दा राहून गेला म्हणून लिहितेय. माझ्या नवऱ्याचं ट्यूमरचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, चालणं-बोलणं नीट, त्यामुळे महिनाभरात तो गाडीची चावी शोधायला लागला. पण डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा ग्लास त्याला दिसायचाच नाही, धक्का लागून सांडायचा, आणि तरी त्याला वाटायचं नजर ठीक आहे. नजरेची अशी एक बाजू गेली की पुष्कळदा माणसाला स्वतःला कळतच नाही, डोळ्यांच्या फील्ड टेस्टमध्ये (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी) कळतं. शिवाय फिट येण्याची भीती असतेच, फिट आली तर बऱ्याच देशांत ६ ते १२ महिने ड्रायव्हिंग बंद. हे सगळं विमा कंपनीला आधीच लेखी कळवायला हवं, नाहीतर उद्या अपघात झाला तर माहिती लपवलीत म्हणून क्लेम नाकारला जाऊ शकतो. आम्हाला डिस्चार्जच्या वेळी हे कोणी सांगितलंच नाही, फोनवर फोन करून आम्हीच शोधलं. डिस्चार्ज कार्डवर गोळ्यांच्या वेळा लिहितात तशी गाडीबद्दलही एक ओळ लिहा, एवढी कळकळीची विनंती.

– एक वाचक