राजदूतांच्या कायद्यामागचा माणूस

मा. संपादक,

परदेशी राजदूतांना असलेल्या कायद्याच्या संरक्षणावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेखाची सुरुवातच १९६१च्या व्हिएन्ना कराराने झाली आहे. त्याच्या अडीचशे वर्षे आधी ज्यांच्यामुळे असा कायदा करावा लागला, त्या आंद्रेई मातवेयेव्ह यांचा उल्लेख नाही, याची खंत वाटली. मी जिल्हा न्यायालयात बेलिफ, म्हणजे कोर्टाचे वॉरंट बजावणारा कर्मचारी होतो. इतवारीतल्या व्यापाऱ्यांच्या वसुलीच्या दरखास्ती, नाझरसाहेबांकडून (आमच्या वरच्या अधिकाऱ्याकडून) वॉरंट घ्यायचे आणि दारोदार फिरायचे, यातच माझी सगळी नोकरी सरली. म्हणून हे प्रकरण मला फार जवळचे वाटते.

मातवेयेव्ह रशियाच्या झार पीटरचे राजदूत. वडील आर्तामोन यांनी मॉस्कोचे परराष्ट्र खाते सांभाळले होते. १६८२च्या बंडात शिपायांनी त्यांचे तुकडे केले. मुलगा वाचला. १६९९मध्ये हॉलंडमध्ये हेगला राजदूत झाला. १७०७मध्ये स्वीडनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडच्या राणी अ‍ॅनने मध्यस्थी करावी म्हणून त्यांना लंडनला पाठवले, पण ते काम जमले नाही. जुलै १७०८मध्ये ते परत निघणार, तर आपले पैसे बुडाले असे सावकारांना वाटले. दावा पन्नास पौंडांचा. बेलिफांनी भर रस्त्यात त्यांना बग्गीतून ओढून काढले आणि धरून नेले. ज्याच्या बापाला तसे मारले, त्याच्या मनात त्या क्षणी काय आले असेल!

आधी कागद दाखवायचा, मगच हात लावायचा, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकलो. सूर्यास्तानंतर अटकेसाठी कुणाच्या घरात शिरायचे नाही, हेही. त्यामुळे त्या बेलिफांची बाजू मी घेणार नाही.

पण झारने त्यांना देहदंडच मागितला, तेव्हा राणीने कळवले की, कायद्यात नसलेली शिक्षा मी माझ्या अगदी हलक्यातल्या हलक्या प्रजाजनालाही देऊ शकत नाही. हे उत्तर मला फार मोठे वाटते. या अटकेत सामील असलेले सतरा जण तुरुंगात गेले, त्यांतल्या बहुतेकांवर खटला चालला, मात्र फासावर कुणी गेले नाही. पुढच्या वर्षी पार्लमेंटने कायदा केला: राजदूताविरुद्धचे असे वॉरंट रद्दबातल, आणि ते काढणारा वकील व बजावणारा अधिकारी दोघेही दोषी. त्याची सुशोभित प्रत घेऊन राणीचा खास दूत मॉस्कोला माफी मागायला गेला.

मातवेयेव्ह पुढे व्हिएन्नाला राजदूत होते, आणि मायदेशी परतल्यावर रशियाच्या न्याय खात्याचे अध्यक्ष झाले. कोर्टाच्या माणसांनी फरफटत नेलेला माणूस कोर्टांचाच प्रमुख झाला! एवढे तरी वाचकांना कळायला हवे होते.

आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६नुसार परदेशी राजदूतावर दावा लावायला केंद्र सरकारची संमती लागते आणि त्याला अटक करता येत नाही. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा या कलमाबरोबर मातवेयेव्ह यांचेही नाव द्यावे, ही विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त बेलिफ, नागपूर